संसद शिकवायची म्हणजे काय शिकवायचे?

महाराष्ट्रातल्या पुष्कळ शाळांमध्ये जून-जुलैत शालेय मंत्रिमंडळ निवडले जाते. मतपत्रिका तयार होतात, बोटाला शाई लागते, मतमोजणी होते. मुख्यमंत्री, आरोग्यमंत्री, सहलमंत्री, स्वच्छतामंत्री यांची नावे फळ्यावर लिहिली जातात आणि परिपाठाच्या वेळी त्यांचा शपथविधीही होतो. मुलांना निवडणुकीची पहिली ओळख अशी होते, ही चांगलीच गोष्ट आहे. पण या मंत्रिमंडळापुढे सभागृह नसते. पाण्याच्या टाकीचे झाकण महिनाभर तुटलेले असेल, तर आरोग्यमंत्र्याने ठरलेल्या दिवशी उभे राहून सगळ्यांसमोर त्याचे उत्तर द्यावे अशी सोय शाळेत नसते. उत्तराने समाधान झाले नाही तर पुढचा प्रश्न विचारण्याचीही नसते. विरोधी पक्ष नसल्यामुळे ‘हे काम वेगळ्या रीतीने व्हायला हवे होते’ असे हक्काने म्हणणारे कोणी नसते. मुले पद शिकतात. पदावरच्या माणसाने उत्तर कोणाला द्यायचे, हे शिकायचे राहून जाते.

त्या राहून गेलेल्या भागासाठी हे पुस्तक आहे. आठवी ते दहावीच्या वर्गांना राज्यशास्त्र शिकवणाऱ्या शिक्षकांसाठी ते लिहिले आहे, आणि भारताची संसद कशी चालते हा त्याचा विषय आहे. संसद हे सत्तेला रोज उत्तर द्यायला लावणारे सभागृह आहे, आणि तिचे सगळे नियम, वेळा, मुदती, मतदानाच्या पद्धती या कामासाठी घडलेल्या आहेत, ही या पुस्तकाची भूमिका आहे. हे सूत्र हाती आले की एरवी रुक्ष वाटणारा धडा मुलांना समजू लागतो.

हे सूत्र संविधान घडतानाच स्पष्टपणे मांडले गेले होते. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधानाचा मसुदा संविधान सभेपुढे ठेवताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अमेरिकेची अध्यक्षीय पद्धत आणि इंग्लंडची संसदीय पद्धत यांची तुलना केली. शासन स्थिर हवे आणि जबाबदारही हवे. पण दोन्ही गुण सारख्याच प्रमाणात देणारी पद्धत अजून सापडलेली नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. मसुद्याने स्थैर्यापेक्षा जबाबदारीला अधिक महत्त्व दिले आहे, हे त्यांनी सांगितले. संसदीय पद्धतीत सरकारच्या कामाची पारख दोन वेळा होते, असेही त्यांनी दाखवून दिले. मतदार ती निवडणुकीत करतात आणि सभागृहातले सदस्य ती दररोज करतात : प्रश्नांतून, ठरावांतून, अविश्वास आणि स्थगन प्रस्तावांतून, अभिभाषणावरच्या चर्चेतून.

यांपैकी निवडणुकीत, ठरावीक काळाने होणारी पारख आपल्या शाळांत चांगली शिकवली जाते. त्याला एक कारण असेही आहे की महाराष्ट्रातला शिक्षक निवडणूक आतून ओळखतो. त्याने मतदान केंद्रावर रात्र काढलेली असते, यंत्राला मोहोर लावलेली असते, मतदार यादी घेऊन तो घरोघर फिरलेला असतो. सभागृहाचे रोजचे काम मात्र त्याच्याही अनुभवाबाहेरचे असते. मग ते पाठ्यपुस्तकातल्या चार ओळींपुरते उरते.

अभ्यासक्रमातली जागाही अपुरी आहे. गेली काही वर्षे महाराष्ट्राच्या इयत्ता आठवीच्या पुस्तकात संसदीय शासनपद्धतीची ओळख, भारताची संसद आणि केंद्रीय कार्यकारी मंडळ असे पाठ आहेत. दहावीला निवडणूक प्रक्रिया, राजकीय पक्ष, चळवळी आणि लोकशाहीपुढची आव्हाने येतात. म्हणजे संसदेची मुख्य भेट तेराव्या-चौदाव्या वर्षी होते आणि पुढे शालान्त परीक्षेपर्यंत तिच्याकडे पुन्हा सविस्तर वळणे होत नाही. परीक्षेत इतिहास आणि राज्यशास्त्र मिळून ४० गुण; त्यामुळे शिक्षकाचा कल साहजिकच आकड्यांकडे जातो. लोकसभेचे सदस्य ५४३, राज्यसभेचे २४५, महाराष्ट्राचे लोकसभेत ४८ आणि राज्यसभेत १९, गोव्याचे २ आणि १. मुले हे पाठ करतात आणि विसरतात.

आकडे टाकून द्यावेत असे मी म्हणत नाही. प्रत्येक आकड्यामागे कोणीतरी विचारपूर्वक घेतलेला निर्णय आहे, तो शोधायला मुलांना लावावे. गणपूर्ती एकदशांश का? कारण पाच-दहा जणांनी रिकाम्या सभागृहात देशाचा कायदा करू नये. म्हणून लोकसभेत निदान ५५ सदस्य हवेत. दोन अधिवेशनांमध्ये सहा महिन्यांहून अधिक अंतर का चालत नाही? कारण सभागृह बोलावलेच नाही तर सरकारला जाब विचारणार कोण? धनविधेयक राज्यसभेने १४ दिवसांत परत पाठवले पाहिजे, असे का? कारण मतदारांनी थेट निवडलेल्या सभागृहाचा पैशावर अखेरचा शब्द असावा. राज्यसभा विसर्जित का होत नाही? कारण लोकसभा नसतानाही संसदेचे एक दार उघडे राहावे. असे दहा आकडे घेऊन वर्गात दहा ‘का’ विचारले की धड्याची निम्मी वाट संपते.

पुस्तकाचा पहिला भाग प्रश्नोत्तरांच्या तासावर आहे, कारण संसदेचे मर्म मुलांना सर्वांत लवकर तिथे कळते. लोकसभेत बैठकीचा पहिला तास प्रश्नांचा. राज्यसभेत २०१४ पासून तो दुपारी बाराला असतो. लोकसभेत एका दिवसाच्या यादीत २० तारांकित प्रश्न असतात, त्यांची उत्तरे मंत्री तोंडी देतात. २३० पर्यंत अतारांकित प्रश्न असतात, त्यांची उत्तरे लेखी मिळतात. प्रश्नाची सूचना सर्वसाधारणपणे १५ दिवस आधी द्यावी लागते. प्रश्न शेकड्यांनी येतात, म्हणून कोणाचा क्रम आधी हे सोडतीने ठरते. त्यात सत्ताधारी आणि विरोधक असा भेद नाही. तारांकित प्रश्नाचे बळ मात्र त्यानंतरच्या उपप्रश्नांत आहे. पहिले उत्तर खात्याने लिहून दिलेले असते. उपप्रश्नाला मंत्र्याला स्वतःच्या माहितीवर उभे राहावे लागते.

प्रश्न कसा असावा याचे लोकसभेचे नियम मराठीच्या शिक्षकालाही आवडतील असे आहेत. प्रश्न १५० शब्दांहून मोठा नसावा. त्यात युक्तिवाद, अनुमान, उपरोध, दोषारोप किंवा विशेषणे नसावीत. मंत्र्याचे मत विचारू नये, माहिती विचारावी. या एका नियमावर आम्ही संपूर्ण तासिका बेतली आहे. ‘शाळेचे मैदान नेहमी घाण का असते आणि कोणालाच त्याची पर्वा कशी नाही?’ हे वाक्य फळ्यावर लिहून मुलांना ते नियमात बसवायला सांगावे. थोड्या खटपटीनंतर वर्गातून असे काही येते : मैदानाची सफाई आठवड्यातून किती वेळा ठरली आहे, गेल्या महिन्यात ती किती वेळा झाली, कमी झाली असल्यास त्याची कारणे काय, आणि पुढे कोणती उपाययोजना केली जाणार आहे? राग तोच असतो, पण आता त्याला उत्तर द्यावेच लागते. एवढे कौशल्य मुलाला आले तर ते ग्रामसभेत, सोसायटीच्या सभेत, उद्या माहिती अधिकाराच्या अर्जातही त्याच्या कामी येईल.

याच भागात सप्टेंबर २०२० चे अधिवेशन उदाहरण म्हणून घेतले आहे. करोनाच्या काळातल्या त्या अधिवेशनात प्रश्नोत्तरांचा तास झाला नाही. लेखी उत्तरे तेवढी मिळाली. लेखी उत्तर आणि समोरासमोर मिळणारे उत्तर यांत काय फरक पडतो, हे मुलांनी स्वतः करून पाहिले की त्या अधिवेशनावर त्यांना आपले मत बनवता येते. शिक्षकाने ते बनवून देण्याची गरज नाही.

दुसरा भाग कायदा कसा होतो यावर आहे. पहिले वाचन, दुसरे वाचन, तिसरे वाचन, मग दुसरे सभागृह, मग राष्ट्रपतींची संमती, अशी बाणांची आकृती प्रत्येक मार्गदर्शकात असते. आकृतीतून कायद्याला लागलेला काळ आणि त्यामागचा संघर्ष दिसत नाही. म्हणून आम्ही एकच कायदा घेतला आहे, आणि तो वर्गात बसलेल्या मुलांचाच आहे : बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क.

त्याची गोष्ट पुण्यातल्या एका शिक्षकापासून सुरू होते. फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवलेले गोपाळ कृष्ण गोखले १९०२ मध्ये कलकत्त्याच्या केंद्रीय कायदेमंडळात दाखल झाले. तिथे सरकारी सदस्यांचे वर्चस्व असे. तरीही दरवर्षी अर्थसंकल्पावरच्या चर्चेत ते आकडेवारी घेऊन सरकारला प्रश्न करत राहिले. १६ मार्च १९११ रोजी त्यांनी प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. मागणी माफक होती. जिथे पुरेशी मुले आधीच शाळेत जातात अशा भागात स्थानिक संस्थांना हवे तर सहा ते दहा वयाच्या मुलग्यांसाठी शिक्षण सक्तीचे करता यावे, एवढीच ती होती. मार्च १९१२ मध्ये ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले.

पुढे संविधानाच्या मार्गदर्शक तत्त्वांत, अनुच्छेद ४५ मध्ये, चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना दहा वर्षांत मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचे उद्दिष्ट आले. ती मुदत १९६० मध्ये सरली. १९९३ मध्ये उन्नीकृष्णन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने शिक्षणाला मूलभूत हक्काचे स्थान दिले. २००२ मध्ये ८६ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २१-क आला. १५ डिसेंबर २००८ रोजी राज्यसभेत विधेयक मांडले गेले, स्थायी समितीने ते तपासले, २० जुलै २००९ रोजी राज्यसभेने आणि ४ ऑगस्ट रोजी लोकसभेने ते संमत केले, २६ ऑगस्टला राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि १ एप्रिल २०१० पासून कायदा लागू झाला. गोखल्यांच्या विधेयकापासून हे अंतर ९९ वर्षांचे आहे. सभागृहात हरलेला प्रस्ताव संपत नाही, तो नोंदीत राहतो आणि पुढच्या पिढीला उचलता येतो, हे मुलांना या गोष्टीतून कळते.

गोष्ट तिथे थांबत नाही. मूळ कायद्यात आठवीपर्यंत कोणाला नापास करायचे नाही अशी तरतूद होती. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीला परीक्षा घेऊन, पुन्हा संधी देऊन, त्यानंतरही न जमल्यास त्याच वर्गात ठेवावे की नाही हे सरकारांवर सोडले. महाराष्ट्रानेही २०२३ मध्ये आपल्या नियमांत त्यानुसार बदल केला. हा प्रश्न आठवीच्या वर्गाइतका जवळून दुसऱ्या कोणाला भिडत असेल? आमच्या पाठात वर्ग हीच दुरुस्ती विधेयक म्हणून घेतो. बाजूने आणि विरोधात भाषणे होतात, पण त्याहून महत्त्वाचा भाग म्हणजे मुलांनी लिहून आणलेल्या दुरुस्त्या. ‘दोन महिन्यांत’च्या जागी ‘तीन महिन्यांत’ घाला. नापास करण्याआधी पालकांची भेट बंधनकारक करा. वाचनात अडचण असलेल्या मुलांसाठी वेगळी तरतूद करा. प्रत्येक दुरुस्तीवर मत घेतले जाते. एखादा शब्द बदलला की कोणाचे काय बदलते, हे मुलांना त्या अर्ध्या तासात जितके उमजते तितके कोणत्याही व्याख्यानातून उमजणार नाही.

तिसरा भाग पैशाचा. कायद्याशिवाय कर नाही आणि संसदेने संमती दिल्याशिवाय संचित निधीतून खर्च नाही, या दोन वाक्यांवर हा भाग उभा आहे. अर्थसंकल्प म्हणजे काय स्वस्त आणि काय महाग, एवढेच मुलांनी घरी ऐकलेले असते. खात्यांच्या मागण्या सभागृहात येतात, त्यावर कपातसूचना देता येते, हे त्यांना नवे असते. एखादी विशिष्ट तक्रार वेशीवर टांगण्यासाठी सदस्य खात्याच्या हजारो कोटींच्या मागणीतून केवळ १०० रुपये कमी करण्याची सूचना देऊ शकतो. सरकारच्या संपूर्ण धोरणालाच नापसंती दर्शवायची असेल तर मागणी एका रुपयावर आणण्याची सूचना देतो. वेळ संपला की उरलेल्या मागण्या चर्चेविना एकदमच मताला टाकल्या जातात, हेही मुलांना सांगितले पाहिजे. देशाच्या खर्चाचा बराच भाग असा चर्चेवाचून संमत होतो, हे कळल्यावर वेळेचे मोल त्यांना वेगळे सांगावे लागत नाही.

चौथा भाग समित्यांवर आहे, आणि शिक्षकांनी तो गाळू नये ही माझी आग्रहाची विनंती आहे. टीव्हीवर दिसणारी संसद म्हणजे अर्धीच संसद. शिवराज पाटील लोकसभेचे अध्यक्ष असताना १९९३ मध्ये खातेनिहाय १७ स्थायी समित्या स्थापन झाल्या. २००४ मध्ये त्यांची संख्या २४ झाली. प्रत्येकीत ३१ सदस्य, २१ लोकसभेचे आणि १० राज्यसभेचे, आणि सर्व पक्षांचे. तिथे कॅमेरे नसतात. अधिकारी आणि तज्ज्ञ साक्षीला येतात, आणि सदस्य पक्षाची घोषणा बाजूला ठेवून विधेयकाचे कलम वाचतात. सरकारी खर्च तपासणाऱ्या लोकलेखा समितीचे अध्यक्षपद १९६७ पासून प्रथेनुसार विरोधी पक्षाकडे असते. पंधराव्या लोकसभेत सुमारे ७१ टक्के विधेयके समित्यांकडे गेली होती. सतराव्या लोकसभेत हे प्रमाण सुमारे १६ टक्क्यांवर आले. हा आकडा मुलांपुढे ठेवावा आणि समितीने काम केलेले विधेयक व न केलेले विधेयक यांत काय फरक पडेल, याचा विचार त्यांना करू द्यावा. भाषण करायला वर्गातली पाच मुले पुढे येतात. समितीच्या कामात मात्र एरवी गप्प बसणारी मुलेही बोलतात. साक्ष ऐकणे, टिपणे काढणे, सर्वांना मान्य होईल असा अहवाल लिहिणे आणि न पटल्यास आपले भिन्न मत त्याच अहवालाला जोडणे, ही त्यांची कामे.

पाचवा भाग विश्वास आणि बहुमत यांचा आहे. १७ एप्रिल १९९९ रोजी अटलबिहारी वाजपेयींच्या सरकारवरचा विश्वासदर्शक ठराव २६९ विरुद्ध २७० असा एका मताने फेटाळला गेला आणि सरकार गेले. एका सदस्याचे मोल सांगण्यासाठी यापेक्षा स्पष्ट उदाहरण नाही. बहुमताला मर्यादा आहेत हेही याच भागात येते. साधा कायदा साध्या बहुमताने होतो, पण संविधान बदलायचे तर विशेष बहुमत लागते. सप्टेंबर २०२३ मध्ये महिला आरक्षणाची घटनादुरुस्ती लोकसभेत ४५४ विरुद्ध २ मतांनी संमत झाली, ती मोजणी वर्गात करून पाहता येते.

अध्यक्षांच्या खुर्चीचाही विचार इथेच केला आहे. लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर यांचा दरारा मोठा होता, तरी डिसेंबर १९५४ मध्ये त्यांना पदावरून दूर करण्याचा ठराव सभागृहात आला. त्या चर्चेच्या वेळी खुर्चीवर ते स्वतः नव्हते, उपाध्यक्ष होते. कारण आपल्याच विरुद्धच्या ठरावाच्या वेळी अध्यक्षांनी पीठासीन होऊ नये, असे संविधान सांगते. ठराव फेटाळला गेला, पण जाब विचारता न येणारे पद संसदेत नाही ही गोष्ट सिद्ध झाली. उपाध्यक्षपद का हवे हे यावरून मुलांना समजते. मग सतरावी लोकसभा आपली पूर्ण मुदत उपाध्यक्षाविना चालली, हे त्यांना सांगावे आणि संविधानाचा अनुच्छेद ९३ त्यांच्यापुढे वाचावा.

इथपर्यंत आल्यावर शिक्षकांच्या मनातली भीती मला ठाऊक आहे. मुले पक्षांतराबद्दल विचारतील. गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात जे घडले ते त्यांनी घरात, गाडीत, पानाच्या टपरीवर ऐकलेले आहे. घरोघरी मते ठाम आहेत आणि शिक्षक एक शब्द इकडेतिकडे बोलला तर तक्रार होण्याची धास्ती असते. या भीतीपोटी विषय टाळला तर मुलांचा नागरिकशास्त्राचा तास फोनवरच्या चित्रफितींकडे जातो. आमची वाट अशी : कोण बरोबर हे वर्गात ठरवायचे नाही, नियम काय आहे हे मात्र पूर्ण वाचायचे. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने दहावी अनुसूची आली. पक्ष सोडणे किंवा पक्षादेश मोडणे यामुळे सदस्यत्व कसे जाते, ते कोण ठरवतो, एकतृतीयांश फुटीची सवलत २००३ मध्ये का काढली गेली, विलीनीकरणाची अट काय, सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ च्या निकालात काय सांगितले, हे सगळे छापील आहे. सदस्याने सद्सद्विवेकाने मत द्यावे की पक्षाच्या आदेशाने, हा त्यातला खरा प्रश्न. त्यावर वर्गाने दोन्ही बाजूंनी बोलावे. ज्या मुलाच्या घरी एक बाजू ठाम आहे त्याला मुद्दाम दुसरी बाजू मांडायला द्यावी.

गदारोळाबद्दल आणि कमी झालेल्या बैठकांबद्दलही खरे सांगावे. पहिल्या लोकसभेच्या ६७७ बैठका झाल्या, सतरावीच्या २७४. फलक, घोषणा, तहकुबी मुलांना रोज दिसतात. त्या लपवून संसदेचे मंदिर उभे केले तर मुलांचा शिक्षकावरचा विश्वास जाईल. आणि ‘सगळे सारखेच’ म्हणून हात झटकले तर पुढची पिढी सभागृहाकडे पाहायचेच सोडून देईल. या दोन्हींवर एक चांगला उपाय आहे : कामकाजाचा मूळ वृत्तान्त वाचणे. १९५२ पासूनच्या चर्चा आता संसदेच्या संकेतस्थळावर उपलब्ध आहेत. पाठांसाठीचे उतारे त्यातूनच निवडावेत, असे शिक्षकांना सुचवले आहे.

मराठी मुलांना तिथे आपली माणसे भेटतात. मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये अर्थमंत्रिपद सोडणारे आणि त्याची कारणे लोकसभेत सांगणारे कुलाब्याचे खासदार चिंतामणराव देशमुख. घटनादुरुस्तीच्या संसदेच्या अधिकाराविषयी १९६७ मध्ये स्वतःचे विधेयक मांडणारे राजापूरचे बॅ. नाथ पै. त्याच मतदारसंघातून पुढे निवडून आलेले आणि रेल्वेमंत्री म्हणून सामान्य वर्गाच्या प्रवाशाचा विचार करणारे मधू दंडवते. पुण्यात वाढून बिहारमधून निवडून आलेले, नियमांच्या अभ्यासाने सरकारला बांधून ठेवणारे मधू लिमये. आणीबाणीत लोकसभेची मुदत वाढवली गेली तेव्हा मतदारांनी पाच वर्षांसाठीच पाठवले आहे म्हणून त्यांनी राजीनामा दिला. या सगळ्यांची चरित्रे सांगण्यापेक्षा त्यांनी विचारलेले प्रश्न आणि मांडलेले मुद्दे मुलांना वाचू द्यावेत.

महाराष्ट्र राज्यही संसदेच्याच कायद्याने झाले. मुंबई पुनर्रचना कायदा संमत झाला आणि १ मे १९६० चा दिवस आला. १९६७ च्या जानेवारीत गोव्यात जनमत कौल झाला, तोही संसदेने केलेल्या कायद्यानुसार. रस्त्यावरची चळवळ आणि सभागृहातला कायदा या दोन टोकांना जोडणारी ही उदाहरणे आपल्या घरची आहेत. दिल्ली लांब आहे असे वाटणाऱ्या मुलांना ती आवर्जून सांगावीत.

एक गोंधळ सुरुवातीलाच दूर करावा. नळाला पाणी नाही, गटार तुंबले, तर खासदार काय करतो, असे मुले विचारतात, मोठेही विचारतात. सातव्या अनुसूचीतल्या तीन याद्या, जिल्हा परिषद, नगरपालिका, विधानसभा आणि संसद यांची कामे एका तक्त्यात मांडून मुलांकडून गावातल्या वीस तक्रारी योग्य दारी पोचवून घ्याव्यात. खासदाराला मतदारसंघातल्या कामांसाठी वर्षाला पाच कोटींचा निधी सुचवता येतो, म्हणून त्याच्याकडे समाजमंदिर आणि रस्ता मागितला जातो. त्याचे पहिले काम मात्र कायदा तपासणे आणि सरकारला विचारणे हे आहे. खासदाराने वर्षभरात कोणते प्रश्न विचारले हे मतदाराने पाहिले, तर खासदारही त्या कामाला अधिक वेळ देईल.

शेवटी वापराबद्दल. संसदीय कार्य मंत्रालयाने १९६६ मध्ये दिल्लीच्या शाळांतून युवा संसदेचा उपक्रम सुरू केला आणि तो देशभर पसरला. अशा स्पर्धांतून मुलांना सभाधीटपणा येतो. पण स्पर्धेसाठी संहिता आधी लिहिली जाते, मंत्र्याचे उत्तर पाठ असते आणि प्रश्नकर्त्याला ते आधीच माहीत असते. या पुस्तकातल्या कोणत्याही पाठाला संहिता नाही. नियम दिले आहेत, वेळ दिली आहे, कागदपत्रे दिली आहेत. बोलायचे काय ते मुलांनी ठरवायचे. मंत्री झालेल्या मुलाला उत्तर आले नाही तर त्याने तसे सांगावे आणि माहिती घेऊन पुढच्या तासाला द्यावी. संसदेतही मंत्री दिलेले आश्वासन पाळतो की नाही हे पाहायला वेगळी समिती असते.

पाठांचा क्रम अधिवेशनांशी जुळवावा. पावसाळी अधिवेशन चालू असेल तेव्हा प्रश्नांचा भाग, हिवाळ्यात कायद्याचा आणि समित्यांचा, १ फेब्रुवारीला अर्थसंकल्प आला की पैशाचा. रोजची कामकाजपत्रिका छापून वर्गात लावली तर पुस्तक आणि प्रत्यक्ष यांतले अंतर आपोआप कमी होते. जमेल तिथे शालेय मंत्रिमंडळालाही महिन्यातून एकदा असाच प्रश्नांचा तास सुरू करावा, आणि मुख्याध्यापकांनी त्यात श्रोता म्हणून बसावे. मूल्यमापनही त्याच धर्तीवर असावे : १५० शब्दांत, आरोप न करता, नेमका प्रश्न लिहिता येतो का, मिळालेले उत्तर लक्ष देऊन ऐकून त्यातली उणीव पकडता येते का, न पटलेल्या बाजूचे म्हणणे तिच्याच शब्दांत मांडता येते का.

आठवीत बसलेला विद्यार्थी चार-पाच वर्षांत मतदार होतो. सतरा पूर्ण झाले की त्याला यादीत नावासाठी आगाऊ अर्जही करता येतो. मत कसे द्यायचे हे त्याला कोणीही दोन मिनिटांत शिकवेल. मत दिल्यानंतरची पाच वर्षे आपल्या प्रतिनिधीकडून काय मागायचे, कोणत्या वाटेने मागायचे आणि मिळालेल्या उत्तराची पारख कशी करायची, याला मात्र सराव लागतो. तो सराव शाळेत मिळाला पाहिजे, आणि तो देणे शिक्षकाच्या हाती आहे.